स्वभावाच्या पाच पट्ट्या

स्थळ बघायला गेलं की एक प्रश्न हमखास निघतो. "मुलगा स्वभावानं कसा आहे?" उत्तरही ठरलेलं असतं. "शांत आहे हो अगदी." विचारणाऱ्याचं समाधान होतं, सांगणारा सुटतो आणि पोह्यांच्या बशा पुढे सरकतात.

पण शांत म्हणजे नेमका कसा? कमी बोलतो? बोलतो, पण भांडत नाही? की आतून हलतच नाही, घरात आग लागली तरी आधी सिलिंडर बंद करून मग बाहेर पडेल असा? ही तीन वेगळी माणसं आहेत. कमी बोलणारा आतून सतत धास्तावलेला असू शकतो. कशानंही न डगमगणारा महाभांडकुदळ असू शकतो. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवलं. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर 'शांत' एवढा एकच शब्द लिहायचो आणि मुलांना त्याचे तुकडे करायला सांगायचो. तीन तुकडे झाले की निम्मा विषय झालेला असायचा.

हा लेख त्या तासासारखाच आहे. स्वभाव मोजायच्या पाच पट्ट्या त्यात हाताळून बघायच्या आहेत. कागद-पेन घेऊन बसलात तर उपयोग होईल.

पायरी १: दहा शब्द लिहा

एक माणूस निवडा. किमान वर्षभर जवळून पाहिलेला हवा. नवरा किंवा बायको नको, निदान पहिल्या खेपेला तरी नको. कागद घरातच राहतो आणि सापडतो. त्या माणसाचं वर्णन करणारे दहा शब्द लिहा, मराठीतच. 'इंट्रोव्हर्ट', 'अ‍ॅटिट्यूडवाला' असले शब्द आज बाजूला ठेवा.

आता चाळणी लावा. 'दमलेला', 'सध्या खुशीत' हे शब्द काढा, कारण ती आजची अवस्था आहे. 'चांगला', 'वाईट', 'फालतू' काढा. त्यातून त्याच्यापेक्षा तुमचं मतच जास्त कळतं. 'उंच', 'गळा गोड' हेही काढा. ते शरीर आणि कला. दहातले चार-पाच शब्द उरले तरी पुष्कळ. माझ्या वर्गात एका मुलानं स्वतःच्या काकांसाठी लिहिलेल्या दहापैकी एकही टिकला नव्हता, सगळे निवाडेच होते. वाटणीचं काहीतरी चालू होतं म्हणे.

ही चाळणी माझी नव्हे. १९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेब्स्टरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेऊन माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचले आणि अशाच चार रकान्यांत वाटले. टिकाऊ स्वभाव सांगणाऱ्या रकान्यात सुमारे ४,५०० शब्द उरले. त्यामागचा विचार साधा होता. माणसांशी वागताना जे फरक खरोखर नडतात, त्यांना भाषेत कधी ना कधी नाव पडतंच.

मराठीत पडताळून पाहा. वेंधळा वस्तू विसरतो. धांदरट घाईघाईत सांडतो. गबाळ्याला पसारा दिसतच नाही. चुकार कामाच्या वेळी नेमका सापडत नाही. चार शब्द, चार माणसं. तरी चौघं एकाच बाजूला कललेली आहेत, हे कुणी न सांगता आपल्याला कळतं. पुढची पायरी या कलण्याचीच आहे.

पायरी २: शब्दांचे ढीग करा

हजारो शब्द घेऊन माणसं कशी मापणार? रेमंड कॅटेल यांनी १९४०च्या दशकात ही यादी छाटत छाटत ३५ जोड्यांपर्यंत आणली. मग शेकडो लोकांना त्यांच्या ओळखीच्यांनी या शब्दांवर गुण द्यायचे आणि कोणते गुण एकत्र वर-खाली होतात ते गणितानं बघायचं, अशी पद्धत बसली. ज्याला 'टापटिपीचा'ला जास्त गुण, त्याला 'वक्तशीर'लाही जास्तच मिळतात, म्हणून ते एका ढिगात. 'टापटिपीचा' आणि 'बोलघेवडा' यांचा मात्र एकमेकांशी फारसा संबंध दिसत नाही, म्हणून ढीग वेगळे.

१९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांनी वेगवेगळ्या गटांची अशी माहिती पुन्हा तपासली, तेव्हा प्रत्येक वेळी पाचच ढीग निघाले. तो अहवाल बरीच वर्षं सरकारी कागदांतच पडून राहिला. १९८१ मध्ये लुईस गोल्डबर्ग यांनी या पाचांना 'बिग फाइव्ह' म्हटलं आणि नाव चिकटलं. यातलं 'बिग' थोरवीचं नाही. प्रत्येक ढीग फार रुंद आहे, त्याच्या पोटात अनेक बारीक गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मी यांना पट्ट्या म्हणतो. फूटपट्टीला आपण 'लांब' किंवा 'आखूड' अशा दोनच खुणा करत नाही, तसंच इथेही आहे.

पायरी ३: पट्ट्या ओळखा, आणि प्रत्येकीतली फसगत

पाठ्यपुस्तकांत यांना जड नावं आहेत. मी तोंडात बसतील अशी वापरतो: बहिर्मुखता, सलोखा, नेटकेपणा, अस्वस्थता आणि खुलेपणा.

*बहिर्मुखता.* एका टोकाला बोलघेवडा, हौशी, पुढाकार घेणारा. दुसऱ्या टोकाला मितभाषी, एकटा रमणारा, घुम्या. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये प्रचारात आणली, पण त्यांच्याकडे ते माणसांचे प्रकार होते. इथली फसगत 'भिडस्त' या शब्दात आहे. भिडस्ताला लोकांत जायचं असतं, पण भीड आडवी येते. अंतर्मुखाला मुळात तितकी ओढच नसते. हळदीच्या कार्यक्रमात दोघंही भिंतीला टेकून उभे दिसतील. घरी परतल्यावर एक म्हणेल, "आपण कुणाशी बोललोच नाही." दुसरा म्हणेल, "सुटलो." पहिल्याची अडचण याच पट्टीवर शोधली तर अर्धीच सापडते. उरलेली अर्धी अस्वस्थतेच्या पट्टीवर आहे.

*सलोखा.* मनमिळाऊ, कनवाळू, विश्वास टाकणारा इकडे. खवट, तिरसट, संशयी तिकडे. मराठी माणसाला ही पट्टी समजावणं सोपं जातं, कारण 'तोंडानं फटकळ, पण मनानं प्रेमळ' हे वाक्य आपल्याकडे आधीच तयार आहे. या रुंद पट्टीच्या पोटात दया, अदब आणि विश्वास असे वेगळे तुकडे आहेत हे त्यातून नेमकं कळतं. फटकळ मावशी अदबीत कमी पडते आणि दयेत भरपूर असते. उलट, गोड बोलून गळा कापणाऱ्यात अदब काठोकाठ असते. या पट्टीचं वरचं टोक म्हणजे 'चांगला माणूस' असं समजू नका. फार सलोख्याच्या माणसाला उसने दिलेले पैसे परत मागता येत नाहीत, आणि सोसायटीच्या सभेत ठेकेदाराला जाब विचारायला खमका माणूसच लागतो.

*नेटकेपणा.* शिस्त, चिकाटी, जबाबदारी. आपले वेंधळे, धांदरट, गबाळे आणि चुकार या पट्टीच्या खालच्या अंगाला. कामाच्या ठिकाणी सर्वांत उपयोगी ठरलेली पट्टी हीच. १९९१ मध्ये मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी आधीचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर जवळपास सगळ्या प्रकारच्या व्यवसायांत कामगिरीशी हिचाच संबंध सापडला. संबंध माफक होता, पण सगळीकडे होता. आमच्या गल्लीत डबे देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या ओट्यावर हात ठेवायला जागा नसायची, पण पावसाळ्यातसुद्धा डबा बाराच्या ठोक्याला हजर. टापटीप शून्य, जबाबदारी पुरेपूर. नुसता ओटा पाहून गुण द्याल तर चुकाल.

*अस्वस्थता.* काळजीखोर, हळवा, चटकन चिडणारा, मनाला लावून घेणारा. दुसऱ्या टोकाला थंड डोक्याचा. आधीच सांगतो, हा आजार नाही. धोक्याची घंटा किती लवकर आणि किती जोरात वाजते, याची ही पट्टी आहे. हिच्यावर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवायचो, कारण ती दुसऱ्या पट्ट्यांचे कपडे घालून येते. दोन माणसं गाडीच्या तासभर आधी एसटी स्टँडवर हजर आहेत. एक नेटका आहे म्हणून, दुसरा गाडी चुकेल या धास्तीनं. बाहेरून काडीचा फरक नाही. फरक कधी दिसतो? फलाटावर गाडी रद्द झाल्याचं कळतं तेव्हा. नेटका चौकशीच्या खिडकीकडे जातो. धास्तावलेला आधी घरी फोन लावतो.

तापटपणाही याच पट्टीत येतो, हे पुष्कळांना पटत नाही. वडील तापट आणि आई काळजीखोर म्हणजे दोन विरुद्ध स्वभाव, असं घरात समजलं जातं. घंटा दोघांचीही लवकरच वाजते. एकाची बाहेर ऐकू येते, एकीची आत.

*खुलेपणा.* चौकस, कल्पक, नव्याची ओढ असणारा; उलट बाजूला रुळलेली वाट धरणारा. 'मोकळ्या स्वभावाचा' म्हणजे हे नव्हे, तो बहुधा बहिर्मुख असतो. शिक्षण किंवा पेहरावावरूनही ओळखू नका. नऊवारी नेसणारी, उपासतापास करणारी आजी एखाद्या अभंगाच्या दोन चालींतला फरक तास तास ऐकत असेल, तर सौंदर्याची जाण या पोटभागात ती नातवाच्या बरीच पुढे आहे.

पायरी ४: मोजून बघा

खाली मी केलेली दहा विधानं आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या. १ म्हणजे अजिबात लागू नाही, ५ म्हणजे पुरेपूर लागू. गेल्या वर्षभरातलं नेहमीचं वागणं धरा, कालचं नको.

१. अनोळखी माणसाशी पहिलं बोलणं माझ्याकडून सुरू होतं.
२. चारचौघांत माझा वाटा बहुतेक ऐकण्याचाच असतो. (उलट)
३. कुणाची अडचण कळली की मला गप्प बसवत नाही.
४. समोरच्याची चूक तोंडावर सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. (उलट)
५. हाती घेतलेलं काम माझ्याकडून सहसा अर्धवट राहत नाही.
६. किल्ली, चष्मा, बिलं शोधण्यात माझा रोज वेळ जातो. (उलट)
७. बारीकसारीक गोष्टींनी माझा जीव खालीवर होतो.
८. गोंधळाच्या वेळी माझं डोकं थंड राहतं. (उलट)
९. कधी न ऐकलेलं गाणं, न खाल्लेला पदार्थ समोर आला की मला उत्सुकता वाटते.
१०. चालत आलेली पद्धत बदलावी असं मला क्वचितच वाटतं. (उलट)

'उलट' लिहिलेल्या विधानाचे गुण ६ मधून वजा करा, म्हणजे ५ चा १ होईल. मग १-२, ३-४ अशी ओळीनं दोन-दोनची बेरीज करा; पट्ट्यांचा क्रम पायरी ३ मधलाच आहे. पाच पट्ट्या, प्रत्येकी २ ते १० गुण. उलट विधानं मुद्दाम घालतात, कारण काही लोक सगळ्यालाच 'हो' म्हणतात आणि सगळ्याच पट्ट्यांवर वर जाऊन बसतात.

हे घरगुती माप आहे, तागडी नव्हे. मोठ्या तयारीच्या प्रश्नावल्या वेगळ्या असतात. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या १९९२च्या चाचणीत २४० विधानं आहेत आणि प्रत्येक पट्टीचे सहा पोटभाग मोजले जातात. २०१७ची एक सुटसुटीत चाचणी ६० विधानांची आहे, पोटभाग प्रत्येकी तीन; वर दया, अदब, विश्वास म्हटलं ते तिथलेच. गोल्डबर्ग यांनी तर विधानांचा मोठा साठा सगळ्यांना फुकट वापरता येईल असा खुला केला, त्यावर बेतलेल्या चाचण्या पैसे न देता मिळतात.

निकाल हातात आला की एकच प्रश्न विचारा: कुणाच्या तुलनेत? खालून मोजत शंभरात सत्तरावा क्रमांक म्हणजे ज्यांच्याशी तुलना केली त्यांच्यातल्या सत्तर टक्क्यांच्या पुढे, एवढंच. ते शंभर जण अमेरिकेतले विद्यार्थी असतील, तर सांगलीच्या पन्नाशीतल्या शेतकऱ्याला त्या आकड्याचं काय करायचं? दुसरं म्हणजे, बहुतेक माणसं मध्यातच असतात. उंचीसारखंच आहे हे. साडेसहा फुटी थोडे, साडेचार फुटी थोडे, बाकी सगळा बाजार मधे. म्हणून 'तू अंतर्मुख की बहिर्मुख?' या प्रश्नाला बहुतेकांचं खरं उत्तर 'मधला' असंच येतं. माणसांना १६ खोक्यांत घालणाऱ्या लोकप्रिय चाचण्यांची गडबड इथेच होते. मध्याच्या इकडचा-तिकडचा माणूस एका गुणानं दुसऱ्या खोक्यात जातो, आणि महिन्याभरानं पुन्हा चाचणी दिली की 'प्रकार' कित्येकदा बदललेला निघतो.

मग 'माझं वर्णन तंतोतंत जुळलं हो' असं लोक का म्हणतात? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं. अचूकतेला सरासरी ५ पैकी ४.२६ गुण पडले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, बरंचसं बाजारातल्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. 'बाहेरून कणखर, पण आतून हळवे' हे कुणाला लागू पडत नाही?

पायरी ५: दुसऱ्याकडून भरून घ्या

तीच दहा विधानं दोघांना तुमच्याबद्दल भरायला सांगा. एक घरचा, एक कामावरचा. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं की आतली धाकधूक माणसाला स्वतःलाच जास्त नीट कळते, पण हुशारी आणि कल्पकता यांचा अंदाज जवळचे मित्र अधिक बरोबर बांधतात. ज्या गुणात आपला मान गुंतलेला असतो, तिथे आपलं माप लवचीक होतं. फरक आला तर भांडू नका, उदाहरण मागा. "मी कधी असं केलं?" याचं उत्तर आकड्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवतं.

पायरी ६: प्रसंग लिहून ठेवा

१९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी या सगळ्या शास्त्रावरच हल्ला चढवला. माणूस एका प्रसंगात कसा वागेल हे स्वभावाच्या गुणांवरून फार कमी सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बऱ्याच अंशी खरं आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेभान नाचणारा कार्यकर्ता सोमवारी बँकेत मान खाली घालून बसलेला आपण पाहतोच. पुढे विल्यम फ्लीसन यांनी लोकांना दिवसातून अनेक वेळा, सलग काही आठवडे, 'या घडीला तुम्ही किती बोलके, किती नेटके' अशा नोंदी करायला लावल्या. एकच माणूस दिवसभरात पट्टीच्या बऱ्याच भागावर फिरून येतो असं दिसलं. पण त्याची एका आठवड्याची सरासरी दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीशी छान जुळते.

म्हणून एका प्रसंगावरून माणूस ठरवू नका. दोन आठवडे रोज रात्री एक ओळ लिहा: कुठे होतो, कोण होतं, पाचांतली कोणती पट्टी हलली. आठव्या-दहाव्या दिवशी ठरावीक जागा दिसायला लागतात. माझ्या एका विद्यार्थिनीला कळलं की ती फक्त आत्याच्या घरी 'घुमी' असते. तिथे तिच्या मार्कांची चौकशी व्हायची.

वाटेतल्या शंका

"स्वभावाला औषध नाही" ही म्हण प्रत्येक वर्गात कुणीतरी काढायचंच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या फरकांपैकी साधारण निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो, म्हणजे म्हण अगदीच हवेतली नाही. पण विशीपासून चाळिशीपर्यंत लोक सरासरीनं अधिक नेटके आणि कमी अस्वस्थ होत जातात, हेही तितकंच पक्कं आहे. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा काही महिन्यांच्या समुपदेशनानं किंवा उपचारानंही पट्टीवरची जागा सरकते असं आढळलं, आणि ती सर्वांत जास्त सरकते अस्वस्थतेच्या पट्टीवर. औषध आहे, फक्त सावकाश लागू पडतं.

पाच हा आकडा साऱ्या जगाला लागू आहे का? बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती-शिकार करणाऱ्या समाजात २०१३च्या अभ्यासाला हे पाच ढीग नीट सापडले नाहीत. लोकांशी चांगलं वागणं आणि कामसूपणा असे दोनच ठळक दिसले. त्याच वर्षी हिंदी शब्दकोशातून काढलेल्या शब्दांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन मोठे गट निघाले आणि संशोधकांनी त्यांना नावं दिली राजसिक, सात्त्विक, तामसिक. पाच पट्ट्या म्हणजे कामाचं हत्यार. त्यांना पंचमहाभूतं करू नका.

आता वापरून बघा

पुन्हा स्थळाकडे येऊ. कुणी "शांत आहे" म्हणालं की मी हल्ली तीन प्रश्न विचारतो. घरी वीस पाहुणे आले तर संध्याकाळी हा कुठे सापडतो? भावाशी बिनसलं तर आधी कोण बोलतं? ऐन वेळी गाडी चुकली तर काय करतो? तीन पट्ट्या, तीन प्रसंग, आणि उत्तरात विशेषण चालत नाही, घडलेली गोष्टच सांगावी लागते.

भाचीसाठी एक स्थळ पाहायला गेलो होतो तेव्हा हे तिन्ही प्रश्न टाकले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट आली. तिसऱ्याला मुलाच्या आई हसून म्हणाल्या, "गाडी कशी चुकेल भाऊसाहेब? पाचला मीच उठवते ना त्याला."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. नेटकेपणाच्या पट्टीवर गुण कुणाला द्यायचे, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.